कलाकृती आवडते, कर्त्याची मते पटत नाहीत

प्रश्न: जर्मन संगीतकार वाग्नरचे संगीत मला मनापासून आवडते, परंतु त्याने १८५० मध्ये टोपणनावाने ज्यूद्वेषी लेख लिहिला होता, हे कळल्यापासून ते ऐकताना मन कचरते. हे दोन्ही वेगळे ठेवता येते का?

उत्तर: ठेवता येते, मात्र इतरांवर लादता येत नाही. इस्राएलमध्ये वाग्नरचे संगीत जाहीरपणे वाजवणे सहसा टाळले जाते; तिथे २००१ मध्ये जेरुसलेमला वाद्यवृंद-संचालक बारेनबॉइम यांनी मुख्य कार्यक्रम संपल्यावर, श्रोत्यांशी चर्चा करूनच वाग्नरची रचना वाजवली. काही जण दारे आपटून निघून गेले, बहुतेक थांबले. मला ही रीत रास्त वाटते.

आणखी एक उत्तर: कर्ता हयात असेल, तर आपल्या पैशाने त्याच्या प्रचाराला बळ मिळते. वाग्नर १८८३ मध्येच वारला, त्यामुळे निदान ती अडचण तुम्हाला नाही.

प्रश्नकर्ता: हा फरक ध्यानात आला नव्हता. तो लेखही आता वाचणार आहे.