धुक्याच्या सकाळी किनाऱ्यावर मेळावा आणि गळाची मासेमारी: आखणी कशी करावी?

पाचजण_गळवाले:
एकूण १५ जण, त्यात ४ लहान मुलं. गळ टाकणारे ५. किनारा वाळूचा, सपाट, ओहोटीला पाणी बरंच आत जातं आणि मधे वाळूचा एक दांडा उघडा पडतो. पहाटे ५:३० ला पोचायचं, दुपारी परत फिरायचं. पूर्ण भरती ९:४० ची, चढ-उतार ३ मीटरचा. हवामानाच्या अंदाजात सकाळी दाट धुकं दाखवतंय. बेत ठेवावा का? तळ कुठे टाकावा, गळवाल्यांनी कुठे उभं राहावं, साहित्य काय न्यावं?

सुकती:
आधी वेळेचं बघा, कारण तिथेच खरी गोम आहे. भरती ९:४० ची म्हणजे ओहोटी साधारण ३:३० ला संपली. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. तुम्ही पोचता तेव्हा नेमका तिसरा तास सुरू होतोय. म्हणजे ५:३० ते ७:३० या दोन तासांत ३ मीटरपैकी दीड मीटर पाणी चढणार. किनाऱ्याचा उतार ५० मीटरला १ मीटर असा धरला, तर पाण्याची कड तेवढ्या वेळात ७५ मीटर तुमच्याकडे सरकते. तेही अर्धवट अंधारात आणि धुक्यात.

म्हणून त्या दांड्यावर कोणीही जायचं नाही. दांड्याच्या आणि जमिनीच्या मधला खोलगट पट्टा आधी भरतो. माणूस समोरच्या लाटांकडे बघत उभा असतो, पाणी पाठीमागून येतं. उजेडात ते दिसतं तरी, धुक्यात परतीच्या वाटेवर कमरेएवढं पाणी लागल्यावरच कळतं. पाण्याच्या कडेला एक काठी रोवा आणि दर १५ मिनिटांनी ती मागे घ्या. कोणाला किती मागे सरकायचं, हे काठीवरून ठरवा.

तळ आदल्या भरतीच्या रेघेच्या वर टाका (शेवाळ, काटक्या, शंख जिथे ओळीने पडलेले असतात ती). पण तेवढ्यावर विसंबू नका. भरती-ओहोटीच्या तक्त्यात आजच्या भरतीची उंची कालच्याशी ताडून बघा. अमावास्या-पौर्णिमेकडे चाललेले दिवस असतील तर उधाण वाढत जातं आणि ३० सेंमी जास्त भरती म्हणजे त्याच उतारावर आणखी १५ मीटर आत.

लांब_शिट्टी:
बेत ठेवा, पण गळाला एक अट घाला: शिसं (दोरीला बांधलेलं वजन) कुठे पडतंय ते दिसत नसेल तर फेकायचं नाही. १२० ग्रॅमचं शिसं सहज ८० मीटर जातं. ६० मीटरच्या पुढचं दिसत नसेल तर पोहणारा माणूस किंवा छोटी होडी तुमच्या नजरेबाहेर असू शकते. अशा वेळी ५०-६० ग्रॅम लावून ३० मीटरवर टाका. मंद उजेडात मासा कडेच्या खोल पट्ट्यात येतो, त्यामुळे जवळ टाकल्याने फारसं बिघडत नाही. ३० मीटरही दिसेनासं झालं की रॉड खाली.

तळावरून पाण्याच्या कडेची दिशा होकायंत्रावर पोचल्यापोचल्या नोंदवा. ती २४० अंश असेल तर परतीची ६० अंश. फोनवर तळाची खूणही ठेवा, पण ओल्या बोटांनी पडदा नीट चालत नाही, त्यामुळे होकायंत्र लागतंच. लाटांच्या आवाजावरून दिशा ठरवू नका. अर्धगोल खाडीत तो तिन्ही बाजूंनी येतो.

प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी, मुलांच्याही. एक लांब म्हणजे "कुठे आहात", ऐकणाऱ्याने तशीच एक परत द्यायची. तीन आखूड म्हणजे सगळ्यांनी दोरी गुंडाळून तळावर. विजेरी डोक्याला लावली की धुक्यावरून उजेड डोळ्यांवरच उलटतो. ती कमरेशी धरा, झोत खाली.

उन्हाची_वाट:
एवढं कशाला? सूर्य वर आला की तासा-दोन तासांत धुकं विरतं.

लांब_शिट्टी:
रात्री जमीन गार पडून झालेलं धुकं विरतं. समुद्रावरचं धुकं वेगळं. उबदार दमट हवा गार पाण्यावरून वाहते तेव्हा ते होतं, आणि वारा आत वाहत असला तर नवं येतच राहतं, कधी दिवसभर. तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो) यांत दोन अंशांहून कमी फरक आणि वारा समुद्रावरून, असं दिसलं तर उन्हाच्या भरवशावर राहू नका.

तंगूस_०३५:
साहित्यापुरतं. १२ फुटी रॉड, ०.३५ मिमी तंगूस (गळाची नायलॉनची दोरी), शिसं ६० आणि १२० ग्रॅमची दोन्ही. दोरी फेकताना तुटते ती बहुतेक वेळा मासा न लागताच, कारण फेकीचा झटका बारीक तंगुसाला झेपत नाही, आणि सुटलेलं शिसं बंदुकीच्या गोळीसारखं जातं. म्हणून पुढे ०.६० मिमीचा जाड तुकडा बांधाच. लांबी रॉडच्या दुप्पट, वर रीलवर पाच-सहा वेढे, म्हणजे ९-१० मीटर. गाठ बांधताना ओली करून ओढा. कोरडी ओढली की घर्षणाने तंगूस तिथेच कमजोर होतो.

गळ १/० ते ३/० मापाचे, गोल वळणाचे. यांना झटका द्यायचा नाही. रॉड वाकली की नुसतं गुंडाळत राहा, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका दिला तर तोंडातून निसटून येतो. पाच जणांत १५-२० मीटर अंतर ठेवा, आणि मुलांचा खेळ गळवाल्यांच्या पाठीमागे नको, बाजूला ५० मीटरवर. फेकताना शिसं आधी मागेच झुलतं.

पाचजण_गळवाले:
फारच उपयोगी. वेळ बदलून ७:३० ला पोचतो. शेकोटी आणि मासे टिकवण्याबद्दल?

सुकती:
शेकोटीला तिथे परवानगी आहे का ते आधी विचारा. विझवताना वाळू टाकू नका. वाळूखाली निखारे तासन्‌तास धगधगत राहतात, वरून काही दिसत नाही आणि अनवाणी पाय त्यावर पडतो. पाणी ओता, ढवळा, परत ओता, हात लावून गार झाल्याची खात्री करा.

मासा बादलीतल्या कोमट पाण्यात ठेवू नका. कल्ल्यांपाशी कापून रक्त जाऊ द्या, मग दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी यांत बुडवा. बांगड्याच्या जातीचे मासे उन्हात राहिले की त्यांत हिस्टामिन हे बाधणारं द्रव्य तयार होतं आणि शिजवूनही ते जात नाही. मासा सोडवताना काटा टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, हात अर्धा तास तरी ठेवा. पाणी आधी दुसऱ्या हाताने बघा, टोचलेल्या हाताला चटका नीट कळत नाही. श्वासाचा त्रास झाला किंवा सूज वर चढत गेली तर थेट दवाखाना. थर्मासमध्ये दोन लिटर गरम पाणी त्यासाठी वेगळं ठेवा, चहाचं त्यात धरू नका.