मदत हवी आहे: लिमरिक विद्यापीठात कुठे राहावं?
नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण सप्टेंबरमध्ये आयर्लंडला लिमरिक विद्यापीठात एमएस्सीसाठी जातेय. कॅम्पस शॅनन नदीच्या दोन्ही काठांवर आहे आणि तिला उत्तरेकडच्या कॅप्पाव्हिला या विद्यार्थी वसाहतीत खोली मिळतेय. लायब्ररी दक्षिण काठावर, म्हणजे रोज लिव्हिंग ब्रिज हा नदीवरचा पादचारी पूल चालत ओलांडायचा. डिसेंबरात तिथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो. रात्री उशिरा एकटीने परतणं सुरक्षित वाटतं का? की कॅम्पसजवळच्या कॅसलट्रॉय भागात मुलींसोबत घर घेतलेलं बरं? कॅम्पसवरच्या ५० मीटरच्या जलतरण तलावामुळे पोहणाऱ्या बाईसाहेब खूश आहेत, मला मात्र तिच्या जेवणाची काळजी. स्वयंपाकघर कितीजणींत असतं? स्टॅम्प २ वर (विद्यार्थ्यांना मिळणारा आयर्लंडमधला राहण्याचा परवाना) सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यामुळे भाडं आम्हीच भरणार. तिथे राहिलेल्यांनी कृपया सांगा, शुक्रवारपर्यंत खोली पक्की करायची आहे.