मदत हवी आहे: मुंबईत समुद्रकाठचा किल्ला आणि जहाजांचं संग्रहालय, दोन्ही एकत्र कुठे बघायला मिळेल?

चारकोपची सून

नमस्कार मंडळी,

दिवाळीत नणंद जर्मनीहून येतेय, बरोबर दहा वर्षांचा भाचा. मागे ते तुर्कस्तानात बोद्रुमला जाऊन आले. तिथे ऐन बंदरावर जुना किल्ला आहे आणि किल्ल्यातच समुद्रतळाशी सापडलेल्या जहाजांचं संग्रहालय. तेव्हापासून पोरगा फोनवर दुसरं काही बोलत नाही. उलुबुरुनला सुमारे तेहतीसशे वर्षांपूर्वी बुडालेलं जहाज, त्यात दहा टन तांबं आणि एक टन कथील. कांसं ओतायला साधारण हेच प्रमाण लागतं, हेही मला त्यानेच शिकवलं. १९८२ साली स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला त्या तांब्याच्या लाद्या दिसल्या आणि त्याने वर येऊन 'कान असलेली बिस्किटं' असं वर्णन केलं म्हणे. हे सांगताना तो हसून लोळतो.

आता त्याने आजोबांना फर्मान काढलंय की तुमच्या मुंबईत समुद्र आहे, किल्ला आहे, तुम्ही डॉकयार्डात होतात, तर मला तुमचं दाखवा. अप्पांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, सगळा जन्म नेव्हल डॉकयार्डात फिटर म्हणून गेला. ते खुशीत 'दाखवतो की' म्हणून मोकळे झाले आणि आता रोज मला विचारतात, काय दाखवायचं?

माझे प्रश्न:
बॉम्बे कॅसल आत जाऊन बघता येतो का? अप्पा म्हणतात आत जुनं बरंच काही आहे.
नसेल तर मुंबईत किंवा एका दिवसात जाऊन येण्यासारखं काय आहे?
अप्पांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर चालतात, पण उंच पायऱ्या आणि उड्या मारणं नाही.

फोर्टातला कारकून

ताई, कॅसल विसरा. टाउन हॉलच्या मागे ती काळ्या दगडाची भिंत दिसते ना, तोच. आत आयएनएस आंग्रे हा नौदलाचा तळ आहे, परवानगीशिवाय कोणालाही सोडत नाहीत. अप्पांचं निवृत्तीचं कार्ड दाखवून काम होईल अशी आशा धरू नका. नातवासमोर गेटवरून परत फिरावं लागलं तर म्हातारा माणूस उगाच हिरमुसतो. बाहेरून फोटोही काढू नका, पहारेकरी लगेच हटकतात.

आत मूळ घर गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं होतं. दरवाज्यावर दोन पोर्तुगीज शिपाई कोरलेत. एक दगडी सूर्यघड्याळ आहे, त्यावर बाराही तास नाहीत, फक्त त्या काळच्या लोकांना गरजेच्या ठराविक वेळा. अप्पांनी पाहिलं असेल तर त्यांच्याच तोंडून भाच्याला ऐकू द्या. फेब्रुवारी १९४६ च्या नाविकांच्या उठावात या कॅसल बॅरॅकमध्ये गोळीबार झाला होता, तेही सांगण्यासारखं आहे.

खवट बंदरकर

मुंबईत तरंगतं संग्रहालय होतं की, नौदलाची विमानवाहू युद्धनौका विक्रांत. १९९७ ला निवृत्त झाली, नंतर काही वर्षं लोकांना बघायला ठेवली, २०१४ ला लिलावात काढून तोडली. लोखंड विकून मोकळे झालो. भाच्याला म्हणावं, आमच्याकडे बुडालेली जहाजं वर काढत नाहीत, तरंगणारी भंगारात घालतात.

फोर्टातला कारकून

@खवट बंदरकर, राग बरोबर आहे हो, पण ताईंना दिवाळीत जायचंय. म्युझियमला जा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, अप्पा त्याला प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणत असतील. तिथे सागरी वारशाचं दालन आहे, नौकानयनाशी संबंधित वस्तू मांडल्यात. दालन बोद्रुमएवढं नाही, आधीच सांगून ठेवा म्हणजे पोराचा चेहरा पडणार नाही. बॅलार्ड पिअरच्या जुन्या गेटहाऊसमध्येही नौदलाने छोटं संग्रहालय केलंय. ते कधी उघडं असतं ते आधी विचारून मगच जा.

एकसर गावठाण

तुम्ही चारकोपला राहता आणि फोर्टात कशाला शोधताय? बोरिवली पश्चिमेला एकसरला वीरगळ आहेत, लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड. माणसापेक्षा उंच दगड, त्यावर नौकायुद्ध कोरलंय. जहाजांच्या रांगा, बाजूने निघालेली वल्ही, खाली पाण्यात पडलेली माणसं, वरच्या पट्ट्यात वीर स्वर्गात पोचलेला. शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव यांची तेराव्या शतकातली लढाई असावी असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिकीट नाही, पायऱ्या नाहीत. सकाळी तिरप्या उन्हात जा, भर दुपारी कोरीव काम सपाट दिसतं. वल्ही मोजायला लावा पोराला, अर्धा तास शांतता.

चारकोपची सून

@एकसर गावठाण, घरापासून रिक्षेच्या अंतरावर! लग्न होऊन इतकी वर्षं इथे राहतेय, कोणी सांगितलं नव्हतं. हे नक्की.
पण पोराला किल्ला हवाय, पाण्यातला. अलिबागचा कुलाबा अप्पांना झेपेल का? खांदेरी या बेटावरच्या किल्ल्याचंही कोणीतरी सुचवलं.

थळची कोळीण

खांदेरी नको. २०२५ ला युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून सगळे विचारतात, आणि आहेही बघण्यासारखा. तिथे एक खडक आहे, दगडाने वाजवला की भांड्यासारखा वाजतो. पण आमच्या थळहून होडीने जावं लागतं, आणि होडीतून धक्क्यावर पाय टाकायचा म्हणजे लाटेचा अंदाज घेऊन टाकायचा. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याचं ते काम नाही.

कुलाबा झेपेल. ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं, नाहीतर किनाऱ्यावर घोडागाड्या असतात, त्या पाण्यातूनच थेट दरवाज्यापाशी नेतात. अप्पांना गाडीत बसवा. आत उंचसखल आहे, पण जिने चढायची सक्ती नाही.

सगळा खेळ भरती-ओहोटीचा. घरात कालनिर्णय असेल तर असं करा. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी, म्हणजे नऊला. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी तक्ता बघायचाच.

तुम्हाला लांबून यायचंय म्हणून षष्ठी धरा. भरती साडेचारला, ओहोटी सकाळी साडेदहाला. साडेनऊला किनाऱ्यावर हजर, बाराच्या आत परत. अष्टमीला ओहोटी बाराला येते, ऐकायला सोयीची वाटते, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, पाणी पुरतं हटत नाही. अमावस्या-पुनवेला उधाण, पाणी खूप मागे जातं, पण ओहोटी पडते पहाटे नाहीतर संध्याकाळी. आणि किल्ल्यात बसून डबे खात राहू नका. पाणी चढताना आवाज करत नाही.

हार्टलपूलचा शेजारी

इंग्लंडातून लिहितोय. अप्पा डॉकयार्डातले म्हणून राहवलं नाही. इथे हार्टलपूलला एचएमएस ट्रिंकोमाली नावाची फ्रिगेट, म्हणजे जुनी शिडाची युद्धनौका, आहे. १८१७ साली मुंबईत जहाजं बांधणाऱ्या वाडियांच्या कारागिरांनी मलबारी सागवानात बांधली, आजही तरंगतेय. आत गेलं की खालच्या डेकवर वाकून चालावं लागतं, आणि तुळईवर हात ठेवला की आपल्या जुन्या वाड्याच्या खांबासारखा थंड, गुळगुळीत लागतो. भाचा जर्मनीत आहे, त्याला इथे येणं मुंबईपेक्षा जवळ. अप्पांनी ज्या डॉकयार्डात काम केलं तिथलंच जहाज. अप्पा कुठल्या डॉकमध्ये होते?

चारकोपची सून

@हार्टलपूलचा शेजारी, अप्पांना वाचून दाखवलं. म्हणाले, 'डंकन डॉक. आणि सागवान कशाला, तिथला दगड बघ म्हणावं, इंग्रजांनी घातलेला, अजून हललेला नाही.' मग उठून आपलं जुनं ओळखपत्र शोधायला लागले. ट्रिंकोमालीचा फोटो पाठवू शकाल का?

@थळची कोळीण, तुमचा हिशोब फ्रिजवर चिकटवलाय. बोटीचं सांगा. गेटवेच्या पायऱ्या आणि हलणारी लाँच अप्पांना जमेल असं वाटत नाही.

थळची कोळीण

गेटवे नको. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी मोठी बोट, घ्या, गाडीसकट मांडव्याला उतरता. अप्पांना हलणाऱ्या लाँचमध्ये चढावं लागणार नाही. दिवाळीत गर्दी असते, जागा आधी बुक करा.

किल्ल्यात तटाचे दगड नीट बघा. मोठाले चिरे चुना न लावता नुसते एकावर एक ठेवलेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मरतो. शिवाजी महाराजांनी १६८० ला काम सुरू केलं, संभाजी महाराजांनी पुरं केलं, अजून उभा आहे. अप्पा फिटर ना, त्यांना हे न सांगता कळेल. तटावर चाकाच्या गाड्यांवरच्या दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यावर १८४९ साल कोरलंय. चारी बाजूंनी खारं पाणी असून आत गोड्या पाण्याची विहीर आहे.

एकसर गावठाण

आणि येताना गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी. १७२१ ला इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले होते, हात हलवत परत गेले. ही गोष्ट तिथेच उभं राहून सांगा.

चारकोपची सून

ठरलं. शनिवारी सकाळी एकसर, मग म्युझियम. अलिबाग षष्ठीला, ती नेमकी आठवड्याच्या मधे येतेय, म्हणजे नवऱ्याला रजा टाकायला लावते. एकच राहिलं, घोडागाडीचे पैसे साधारण किती घेतात?

थळची कोळीण

दर बदलतात, सणात चढतात. बसायच्या आधी जाऊन-येऊन मिळून ठरवा, आणि गाडीवाल्याचा मोबाइल नंबर घेऊन ठेवा. एकदा तो दुसरी सवारी घेऊन गेला की अप्पांना ताटकळत उभं राहावं लागेल.