मरणाची धास्ती वयागणिक कशी बदलते: रोज पाहणाऱ्यांचे अनुभव

दिवा मालवताच आईला बिलगणारं चार वर्षांचं पोर, मध्यरात्री छातीवर हात ठेवून उठून बसणारा पंचविशीतला मुलगा आणि ‘चालताबोलता गेलो म्हणजे बरं’ म्हणणारे ऐंशीचे आजोबा. तिघांच्याही मनात मरणच असतं, पण धास्ती वेगवेगळ्या गोष्टीची. ज्यांच्या कामात ही भीती रोज समोर येते, त्यांना लिहायची विनंती केली होती. कोणत्या वयात नेमकं काय दिसतं, काय करावं आणि कुठे चुकतं, एवढंच लिहा, असं सांगितलं होतं.

बालसमुपदेशक, नाशिक

मुलाला मृत्यू एका दिवसात कळत नाही. मेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर काम करायचं पूर्ण थांबतं, प्रत्येक सजीव कधीतरी मरतो आणि मरणाला शारीरिक कारण असतं, अशा चार गोष्टी सुट्यासुट्या कळत जातात. बहुतेक मुलांत पाच ते सात या वर्षांत त्यांचा मेळ बसतो. मानसशास्त्रज्ञ मारिया नागी यांनी बुडापेस्टमधल्या मुलांवरचा अभ्यास 1948 मध्ये मांडला. मधल्या वयातली मुलं मृत्यूला न्यायला येणारा कुणीतरी माणूस समजतात, असं त्यात दिसलं. पुढच्या अभ्यासांत ही पायरी सगळीकडे सापडली नाही. पण ‘तो आपल्याकडे येईल का?’ हा प्रश्न इथली मुलंही विचारतात.

घरातलं कुणी गेलं की मुलाला शेजारी पाठवतात आणि ‘आजी झोपली’ किंवा ‘गावाला गेली’ असं सांगतात. मग मूल झोपायला घाबरतं, किंवा बाबा ऑफिसच्या कामासाठी गावाला निघाले की दारातच रडून गोंधळ घालतं. ‘आजारी होती म्हणून गेली’ एवढंच सांगितलं, तर घरात कुणी खोकलं तरी ते दचकतं. म्हणून असं सांगा: ‘आजी मरण पावली. तिचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी औषधं दिली, पण ते पुन्हा चालू झालं नाही. आपल्याला होतो तो सर्दीताप वेगळा.’ मग थांबा. मूल विचारेल तेवढंच बोला. ‘तिला तिकडे थंडी वाजत असेल का?’ असं विचारलं तर शरीर थांबतं हा भाग अजून कळलेला नाही, तेव्हा तोच पुन्हा समजवा. ‘मी रागाने बोललो म्हणून गेली का?’ हा प्रश्न मुलं सहसा तोंडाने विचारत नाहीत. तो न विचारताच ‘तुझ्यामुळे काही झालं नाही’ हे स्पष्ट सांगा.

तोच प्रश्न दहादा आला तरी उत्तर तेच ठेवा. देवाघरी गेली असं सांगायला हरकत नाही, पण आधी शरीराचं सांगून मग. एरवी देवानेच नेली असं वाटून मूल देवघराकडे बघायलाही घाबरतं.

बालरोगतज्ज्ञ

रात्रीच्या दोन प्रकारांत गल्लत होते. झोप लागल्यावर दोनेक तासांत मूल किंचाळत उठतं, डोळे उघडे असतात, पण ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. अशा वेळी जागं करू नका, हलवू नका. लागणार नाही एवढं पाहा. वाईट स्वप्न बहुधा पहाटेकडे पडतं, मूल पूर्ण जागं होतं आणि काय दिसलं ते सांगतं. तेव्हा मात्र जवळ घ्या, ऐकून घ्या. पहिल्या प्रकारात अपुरी झोप आणि ताप ही नेहमीची कारणं. झोपायची वेळ अर्धा तास अलीकडे आणली तरी बरीच मुलं शांत होतात.

माध्यमिक शाळेतील समुपदेशक

तेरा-चौदाच्या मुलांना मृत्यू पुरता कळलेला असतो, पण तो आपल्याला लागू आहे असं वाटत नाही. बाईक भन्नाट पळवणं त्यातूनच येतं. त्याच वयात काहींना ‘मग जगायचंच कशाला’ हा प्रश्न छळतो. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरत नाही, उलट मूल बोलतं होतं. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, शेतीची औषधं आणि गोळ्या घरातून हलवा आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 वर फोन करा. हा क्रमांक मोफत आहे आणि रात्रीही लागतो.

आपत्कालीन विभागातील डॉक्टर, ठाणे

विशी-तिशीत ही भीती थेट शरीरावर येते. छाती धडधडते, घाम फुटतो, ‘आता मी मरणार’ अशी खात्री होते. घाबरून श्वास जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. मग बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, कधी बोटं आखडून अंगठा तळहाताकडे ओढला जातो. ते पाहून लकवा आला असं वाटतं आणि श्वास आणखी जलद होतो. भीतीचा हा झटका (पॅनिक अटॅक) साधारण दहा मिनिटांत टोकाला पोचतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरतो.

नातेवाईक ‘मोठा श्वास घे’ म्हणत राहतात, तिथे बिघडतं. रुग्ण आणखी हवा ओढतो आणि मुंग्या वाढतात. जोर सोडण्यावर हवा: नाकाने चार आकडे मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, पाच मिनिटं. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावू नका; दमा किंवा हृदयविकार असेल तर जिवावर बेतू शकतं.

मात्र झटका पहिल्यांदाच आला असेल तर घरी निदान करू नका, ईसीजी काढा. दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, जिन्यावर वाढत असेल, दरदरून घाम सुटला असेल, तर 108 ला फोन करा. ‘आता मी जगत नाही’ ही भावना हृदयविकाराच्या झटक्यात, फुफ्फुसात गुठळी अडकल्यावर आणि तीव्र ॲलर्जीतही येते. रक्त चढवताना रुग्ण अचानक असं बोलला, तर आधी रक्त बंद करायचं, बाकीचं नंतर. वॉर्डात ‘घाबरू नका हो’ म्हणून पुढे जाणं मला अक्षम्य वाटतं.

झटके वरचेवर येत असतील तर थायरॉइड आणि साखर तपासा. कॉफी, एनर्जी ड्रिंक आणि दम्याचा पंप किती घेतला जातो तेही पाहा. खरं नुकसान झटक्यांपेक्षा टाळाटाळीने होतं. लोकलमध्ये झटका आला की माणूस लोकल सोडतो, मग बस, मग ऑफिस. उपचार पायरीपायरीने करतात: आधी नुसतं फलाटावर थांबणं, मग दुपारच्या रिकाम्या धीम्या गाडीतून एक स्टेशन, मग दोन. घाबरल्याबरोबर उतरायचं नाही, भीती उतरू लागेपर्यंत थांबायचं. झोपेच्या किंवा धास्तीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्यांची सवय लागते.

फॅमिली डॉक्टर, सातारा

चाळिशीत वडील किंवा वर्गमित्र जातो आणि आपला नंबर जवळ आला असं वाटू लागतं. मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांनी 1965 मध्ये मध्यवयातल्या घालमेलीबद्दल लिहिलं, तेव्हा तिचा संबंध मृत्यूच्या जाणिवेशीच जोडला होता. माणसं दिवसातून आठ-दहा वेळा बीपी मोजतात, आणि मोजण्याच्या काळजीनेच तो वाढलेला दिसतो. सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, प्रत्येकी दोनदा मोजलं की पुरे.

या वयातली अर्धी धास्ती ‘माझ्यामागे यांचं काय’ ही असते, आणि ती कागदांनी हलकी होते. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आणि बँकेत नॉमिनी लावला म्हणजे पैसे त्याचेच झाले, हा गैरसमज घराघरांत आहे. नॉमिनीने ते वारसांसाठी ताब्यात घ्यायचे असतात.

गृहभेटी देणारी परिचारिका, पुणे

पंचाहत्तरीपुढची माणसं मरणाबद्दल मोकळं बोलतात. दचकतात ती मुलं-सुना. ‘असं अभद्र बोलू नका’ म्हणून तोंड बंद करतात आणि म्हातारं माणूस एकटं पडतं. त्यांना भीती असते अंथरुणाला खिळण्याची, कुणाकडून तरी धुऊन घ्यावं लागण्याची, विसरण्याची, आणि पडण्याची. एकदा पडलेलं माणूस चालणं कमी करतं, त्याने पाय अशक्त होतात आणि पुन्हा पडतं. संडासात हाताला आधार देणारी दांडी, पलंगापासून तिथपर्यंत रात्रभर मंद दिवा, पायपुसणी उचललेली आणि मागे पट्टा असलेली चप्पल. एवढ्यावर खूप फरक पडतो.

‘देवाने आता न्यावं’ हे वाक्य नीट ऐका. जेवण, झोप, नातवंडांत रस जागेवर असेल तर ती बहुधा तृप्ती किंवा थकवा असतो. जेवण तुटलं, पहाटे तीनला जाग येते, मालिका बघणंही सोडलं, असं दोन आठवडे चाललं तर ते नैराश्य असू शकतं, आणि ऐंशीतही ते औषधाने बरं होतं. ‘वयच झालं’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

स्मृतिभ्रंश असलेल्यांना दिवेलागणीला धास्ती भरते, ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं. अंधार पडायच्या आधी सगळे दिवे लावा, चहा दुपारी तीननंतर देऊ नका, वाद घालू नका. आणि हे एकदोन दिवसांत अचानक सुरू झालं असेल तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा नवी गोळी शोधा.

वकील, मडगाव

‘मला नळ्या लावून ठेवू नका’ हे नुसतं बोलून उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी जिवंतपणीच्या इच्छापत्राला (लिव्हिंग विल) मान्यता दिली आणि 24 जानेवारी 2023 रोजी पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. कोणते उपचार नकोत, कोणत्या अवस्थेत नकोत आणि निर्णय कुणी सांगायचा, हे नावानिशी लिहा. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. वेळ आली की रुग्णालयाचं पहिलं आणि मग दुसरं वैद्यकीय मंडळ तपासून मत देतं. इच्छापत्र कधीही लेखी रद्द करता येतं. प्रत कपाटात कुलूपबंद राहिली तर व्यर्थ.

वेदनाशमन सेवेतील डॉक्टर

शेवटच्या दिवसांत रुग्णापेक्षा भोवतालचे जास्त घाबरलेले असतात, कारण पुढे काय दिसेल हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. झोप वाढते, अन्न नकोसं होतं, हातपाय गार पडतात, श्वास थांबून थांबून चालतो. घरघर लागली की गुदमरतोय असं वाटतं; खरं तर गिळण्याची ताकद गेल्याने घशात स्राव साठलेला असतो आणि रुग्णाला बहुधा त्याचा त्रास होत नाही. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच ठेवा. शुद्ध नसताना चमच्याने पाणी घालू नका, ते फुफ्फुसात जातं. तुळशीपाणी द्यायचंच असेल तर ओल्या कापसाने ओठांना लावा. सलाईनने या टप्प्यावर सूज आणि घरघर वाढण्याचाच संभव जास्त. दुखणं किंवा धाप असेल तर योग्य मात्रेतलं मॉर्फीन देतात. त्याने जीव जातो ही समजूत चुकीची आहे.

घरी मृत्यू झाला तर दाखल्यासाठी पळापळ होऊ नये म्हणून डिस्चार्ज कार्ड, शेवटचे रिपोर्ट आणि आधार एका फाइलीत ठेवा. कारणाचा दाखला कोण लिहून देणार, ते त्या डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते.