तरंगत्या अडसराखालून कचरा निसटतोय, मदत हवी आहे

ओढा 6 मीटर रुंद. अडसर 110 मिमी पीव्हीसी पाइपचा, टोकं टोप्यांनी बंद, खाली 30 सेंमी जाळी. पाणी संथ असेपर्यंत बाटल्या, थर्माकोल नीट अडतात. वेग वाढला की जाळी मागे उचलली जाते आणि सगळं खालून वाहून जातं. जाळीच्या कडेला साखळी ओवायची आहे. पूर्ण बुडाला तर पाइप मीटरमागे जेमतेम साडेनऊ लिटर पाणी सारतो आणि निम्मा तरी वर राहायला हवा. मग मीटरला किती वजन चालेल?

तिरपा बांधला तर कचरा एका काठाला जमेल, स्वयंसेवकांना पाण्यात उतरावं लागणार नाही (आमच्यासाठी हेच सर्वांत महत्त्वाचं). कोन 30 अंश की 45? पुरात एक टोक आपोआप सुटावं म्हणून मुद्दाम कच्ची दोरी कुणी वापरली आहे का? किती जाडीची?