वजन उतरवल्यानंतर ‘फार वाळलास’ या बोलण्याला काय उत्तर द्यावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. प्रश्न वरवर किरकोळ वाटेल, परंतु गेले सात-आठ महिने तो या ना त्या रूपाने रोज माझ्या घरात येतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे वय ४४, उंची १७० सेंटीमीटर. नोकरी पुण्यात, मूळ गाव मंगळवेढा तालुक्यात. दोन वर्षांपूर्वी कार्यालयातल्या वार्षिक तपासणीत एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा) ७.४ आले, तेव्हा वजन ८८ किलो होते. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू केली आणि त्याच भेटीत सांगितले की, मधुमेह नवा असताना पंधरा किलोच्या आसपास वजन उतरवता आले, तर गोळी सुटण्याची शक्यता बरीच असते. स्कॉटलंड आणि टाइनसाइड येथे झालेल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासाचे २०१७ साली प्रसिद्ध झालेले आकडे त्यांनी मला दाखवले. पंधरा किलो किंवा त्याहून अधिक वजन घटवलेल्या रुग्णांपैकी ८६ टक्के जणांची साखर वर्षभरानंतर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. तो आकडा मी मनात धरून ठेवला. रात्रीचे जेवण सातच्या आत, भात आठवड्यातून दोनदा, बाकी ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, दही आणि रोज तासभर चालणे, एवढेच केले. चौदा महिन्यांत वजन ६६ किलोवर आले, गोळी बंद झाली आणि त्यानंतर पाच महिन्यांनी केलेल्या तपासणीत एचबीए१सी ५.८ निघाले. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, २२.८ आहे. भारतीयांसाठी तो २३ च्या खाली असावा असे मानतात. म्हणजे कागदावर मी कित्येक वर्षांनी ‘सामान्य’ गटात आलो, आणि नेमके तेव्हापासूनच लोकांना मी आजारी दिसू लागलो.

सुरुवातीला कौतुक झाले. सात-आठ किलो उतरले, तोवर ‘मस्त दिसतोस, काय करतोस सांग’ असे विचारणारे होते. पंधरा किलोनंतर सूर बदलला. ‘गालफडे बसली’, ‘पार पाप्याचे पितर झालास’, ‘आता बास कर’ असे सुरू झाले. एका सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन, अगदी आवाज खाली आणून, ‘सगळे तपासून घेतलेस ना?’ असे विचारले. त्याच्या मनात कोणता आजार होता हे त्याने उच्चारले नाही, पण मला समजले. येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. आपल्या भाषेत ‘तब्येत’ या शब्दाचा अर्थच मुळी अंगावरचे मांस असा झाला आहे. मी ८८ किलोचा असताना आणि माझी साखर कोणाच्याही नकळत वाढत असताना, गावी गेलो की ‘तब्येत झाली बरं का, पुणे मानवले’ असे म्हणत. आता गोळीविना साखर ताब्यात आहे, तर ‘तब्येत उतरली’ म्हणतात. दोन्ही वाक्ये बोलणाऱ्यांच्या मनात प्रेमच असते, म्हणूनच उत्तर देणे अवघड जाते.

कार्यालयाचे मी निभावून नेतो. ‘डॉक्टरांच्या सल्ल्याने केले आहे’ एवढे म्हटले की तिथले लोक दुसऱ्या विषयाकडे वळतात. खरी अडचण दोन ठिकाणी आहे.

पहिली माझ्या पत्नीची. वैशाखात चुलतभावाच्या मुलीचे लग्न होते. पंगतीत मी जिलेबी नको म्हटली, तेव्हा आत्या माझ्याशी एक शब्द न बोलता थेट पत्नीकडे वळून म्हणाल्या, ‘सूनबाई, नोकरी करा, पण नवऱ्याला दोन घास करून घालत जा.’ शेजारच्या चार-पाच जणी हसल्या. वास्तविक या चौदा महिन्यांत माझ्यासाठी वेगळी भाकरी थापण्यापासून सकाळी सहाला माझ्याबरोबर चालायला निघण्यापर्यंत सर्व तिने केले आहे. त्या रात्री ती म्हणाली, ‘वजन तू कमी केलेस आणि हिशेब मी द्यायचा.’ त्यावर मला काही बोलता आले नाही.

दुसरी अडचण आईची, आणि ती अधिक खोल आहे. माझे वडील मधुमेहानेच गेले. शेवटची दोन वर्षे सोलापूरला डायलिसिस चालले आणि अखेरच्या वर्षी ते इतके वाळले होते की सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसे. मला मधुमेह निघाला हे आईला मी सांगितलेले नाही, कारण तो शब्द ऐकला की ती थेट त्या दवाखान्यात जाऊन पोहोचणार, याची मला खात्री होती. बिनसाखरेचा चहा का घेतोस, असे तिने विचारले तेव्हा पित्ताचे निमित्त सांगितले. रात्री लवकर का जेवतोस, तर पुन्हा पित्त. आता मी गावी गेलो की ती माझ्या गळ्यापाशी हात लावून हाडे चाचपते आणि म्हणते, ‘लई वाळलास रं. खरं सांग, काय झालंय तुला?’ गेल्या खेपेला तिने दृष्ट काढली आणि मग आत जाऊन रडली. बाराव्या वर्षी, १९७२ च्या दुष्काळात, जी मुलगी खडी फोडायला गेली आणि सुकडीवर जगली, तिला ‘आई, बारीक असणे चांगले असते’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे, हे मला समजत नाही.

अडचण अशी की, सर्वांची तोंडे एका वाक्यात बंद करील असे उत्तर माझ्याकडे आहे: ‘मला मधुमेह झाला होता, वजन उतरवल्याने तो आटोक्यात आला.’ परंतु हे वाक्य भावकीत एकाला सांगितले की संध्याकाळपर्यंत आईच्या कानावर जाईल. आणि जोवर ते सांगत नाही, तोवर पत्नीने बोलणी खायची आणि आईने भलत्याच शंकेने झुरायचे.

यावर मी हसण्यावारी नेऊन पाहिले, तर लोक अधिक गंभीर झाले. ‘तुमचे पोट कमी करा, मग माझ्याविषयी बोला’ असे एकदा चिडून म्हणालो, त्याचा मला स्वतःलाच त्रास झाला. मध्यंतरी लोकांच्या समाधानासाठी चार किलो वजन मुद्दाम वाढवावे असाही विचार आला होता, आणि रोज आरशात पाहून आपण खरोखरच खंगलेले दिसतो का, अशी शंका तर अजूनही येते. आजार उघड न करता, खोटे न बोलता आणि माणसे न तोडता देता येईल असे उत्तर कोणाला सापडले आहे का? पत्नीवर येणारा रोख कसा थांबवावा? आणि आईला सांगावे की नाही? ज्यांनी हे अनुभवले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १

बाकीच्या प्रश्नांवर जाणकार लिहितीलच. मी एकच विचारतो. आपण अजून जुनेच शर्ट वापरता का? माझे अठरा किलो उतरले तेव्हा मी काटकसर म्हणून वर्षभर बेचाळीस नंबरचे शर्ट वापरत होतो. खांद्याची शिवण दंडावर, कॉलरमध्ये दोन बोटे जातील एवढी जागा आणि पट्ट्याखाली पँटच्या चुण्या, अशा वेषात धडधाकट माणूसही नुकताच दवाखान्यातून सुटून आल्यासारखा दिसतो. शिंप्याकडून सहा शर्ट आणि चार पँटी बेतून घेतल्या, आणि निम्मे बोलणे त्या आठवड्यातच थांबले.

प्रतिसाद २

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून लोकांच्या बोलण्यातला ग्राह्य भाग तेवढा वेगळा काढून दाखवते. चाळिशीनंतर वजन उतरले की गालांवरची चरबी जाते आणि कातडी तितक्या लवकर आवळत नाही. त्यामुळे चेहरा ओढलेला दिसतो. तो आजार नव्हे. मात्र उतरलेल्या बावीस किलोंमध्ये चरबीबरोबर काही स्नायूही गेले असणार, आणि आपण लिहिलेल्या दिनक्रमात चालण्याखेरीज व्यायाम दिसत नाही.

आपल्याकडे वजन आणि आरसा दोन्ही फसवतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही चरबी लपलेली असते, हे त्यावरून चांगले समजते. म्हणून लोकांसाठी चार किलो वाढवण्याचा विचार मनातून काढून टाका, कारण ते चार किलो बहुधा पोटावरच येतील. वाढवायचेच असेल तर बळ वाढवा. आठवड्यातून तीन दिवस उठाबशा, जोर किंवा वजने उचलण्याचा व्यायाम करा आणि आहारात दर किलो वजनामागे सुमारे एक ग्रॅम प्रथिने जातात का, हे पाहा. हाताची घडी घालून खुर्चीवरून सलग पाच वेळा उठता-बसता आले आणि त्याला बारा सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर पायांतली ताकद ठीक आहे असे समजावे.

एक सावधगिरी मात्र हवी. आता आपण काहीही कमी करत नसताना वजन ६६ वरून आपोआप खाली जाऊ लागले, तर लोक काय म्हणतात ते बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. ठरवून उतरवलेले वजन आणि नकळत उतरलेले वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या सहकाऱ्याला तो फरक कळण्याचा मार्ग नव्हता, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल.

प्रतिसाद ३

मला आपल्या आत्यांपेक्षा आपलेच वागणे खटकले. पंगतीत त्या बोलल्या तेव्हा आपण तिथेच बसला होता ना? त्या क्षणी ‘आत्या, माझे जेवण मी ठरवतो, हिने उलट माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक केला’ असे आपण म्हणायला हवे होते. एवढ्याने ना आजार उघड झाला असता, ना आत्या तुटल्या असत्या. माझ्या यजमानांचे वजन असेच उतरले तेव्हा मी दोन वर्षे उत्तरे देत होते. त्यांनी एकदा, एकदाच, सर्वांदेखत सांगितले आणि विषय संपला. सूनबाईचे उत्तर उद्धटपणात जमा होते, भाच्याचे होत नाही. हे न्याय्य नाही, पण तसे आहे.

आईंबद्दल लिहू की नको, असा विचार करत होते. त्यांनी एक माणूस वाळत वाळत जाताना पाहिला आहे आणि आता दुसरा वाळताना पाहत आहेत. त्यांच्यापासून आपण आजाराचे नाव तेवढे लपवले आहे. भीती तर त्यांच्यापर्यंत केव्हाच पोहोचली आहे. नाव कळले तर निदान ५.८ हा आकडाही कळेल. फोनवर सांगू नका. गावी जा, दोन्ही कागद घेऊन जा आणि वडिलांना जे वेळेवर कळले नव्हते, ते तुम्हाला वेळेवर कळले, एवढेच सांगा.

प्रतिसाद ४ (धागाकर्ता, तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार. प्रतिसाद ३ वाचून राग आला होता, हे कबूल करतो. तो दोन दिवसांनी गेला, कारण त्यातले चुकीचे असे काही मला सापडले नाही. पत्नीला तो वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, फक्त ‘कोण आहेत या बाई?’ असे विचारले.

शर्ट शिंप्याकडे दिले आहेत. खुर्चीच्या चाचणीला मला चौदा सेकंद लागले, म्हणून व्यायाम सुरू केला आहे आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्नायूंबद्दल विचारणार आहे.

गेल्या रविवारी गावी जाऊन आलो. जेवणानंतर आईपुढे दोन्ही कागद ठेवले आणि आधीचे ७.४ व आताचे ५.८ समजावून सांगू लागलो. तिने कागदांकडे पाहिलेही नाही. म्हणाली, ‘तू बिनसाखरेचा च्या मागितलास, तवाच कळलं मला. तुझ्या बापानं बी पित्ताचंच सांगितलं हुतं.’ म्हणजे दीड-दोन वर्षे ती मला वाळण्याबद्दल विचारत होती, ते मी होऊन सांगावे म्हणून. मग तिने गोळी कोणती होती, किती दिवस घेतली, पायाला मुंग्या येतात का, असे नेमके एकेक विचारले. वडिलांच्या आजारपणात ती हे सगळे शिकली होती आणि आम्हा भावंडांना त्याचा पत्ताच नव्हता. शेवटी स्वतःची साखर तपासायची का, असे तिनेच विचारले. पुढच्या महिन्यात तिला पुण्याला आणतो आहे.

आत्यांना मी फोन केला आणि पत्नीच्या बाबतीत त्या लग्नात बोलायचे राहिलेले बोललो. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘मला काय ठाऊक बाबा, मला कोणी सांगितलं का?’ भावकीत बातमी अपेक्षेप्रमाणे दुसऱ्याच दिवशी पसरली. आता ‘वाळलास’ असे कोणी म्हणत नाही. कारल्याचा रस आणि भिजवलेल्या मेथ्या कोणत्या वेळी घ्याव्यात, हे सांगणारे रोज तीन-चार फोन येतात, आणि सध्या ते सगळे मी स्वतः घेतो आहे.