थोरलीला आधी भेटा

ताई, तुम्ही लिहिलंत, वडिलांच्या ट्रंकेत त्यांच्या पहिल्या लग्नाची पत्रिका सापडली, त्या बाईंना मुलगी होती हे कळलं, आणि धाकटा भाऊ म्हणतो विषय वाढवू नका. वाचून पोटात कालवलं. आमच्या घरी हेच झालं, केज तालुक्यात.

अण्णा गेल्यावर आम्ही तिघं भावंडं वारसाच्या फेरफारासाठी तलाठ्याकडं गेलो. तिथं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं सहज विचारलं, "अन् थोरलीचं नाव?" १९७२ च्या दुष्काळात अण्णांची पहिली बायको बाळंतपणात गेली होती. तान्ही पोर आजोळी नेली, ती तिकडचीच झाली. घरी येऊन आईला विचारलं. ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं, मान वर झाली नाही. "मलाच नको होतं ते लेकरू," एवढंच बोलली.

तुमच्या भावाला सांगा, पहिल्या बायकोची मुलगीही वडिलांची बरोबरीची वारस असते. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीतही तिचा मुलाइतकाच हक्क आहे, लग्न झालेलं असलं तरी. तिला वगळून वारसाचं शपथपत्र करू नका, ते खोटं ठरतं.

पण कागद नंतर. आम्ही परळीला गेलो, आक्कानं दार उघडलं. कपाळ थेट अण्णांचं! जमिनीचा शब्दही तिनं काढला नाही. चहा ठेवता ठेवता पाठमोरीच विचारलं, "जाताना माझं नाव घेतलं का त्यांनी?"